संशय : स्वभाव, बाधा की लक्षण?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठावर उभा असलेला एखादा माणूस म्हणाला, "पलीकडचे लोक मला दगड मारणार आहेत," तर त्याला कोणी वेडा ठरवणार नाही. पलीकडे सावरगावचे लोक खरोखरच दगड घेऊन उभे असतात, नदीच्या मधोमध पळस रोवलेला असतो, त्यावर झेंडा असतो आणि दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आता असे समजा की तोच माणूस दिवाळीनंतर एका रात्री दारेखिडक्या लावून घरात बसला आहे. तो सांगतो आहे की सावरगावचे लोक छपरावर येऊन बसले आहेत, ते आपसांत त्याचे नाव घेतात, आणि त्याच्या ताटात काहीतरी मिसळतात. ताट तो आधी कुत्र्यापुढे ठेवतो. वाक्य जवळजवळ तेच आहे, भीतीही तितकीच खरी आहे. पण नदी नाही, दगड नाहीत, समोर कोणी नाही.

या दोन दिवसांमधले अंतर कसे ओळखावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. मी मूळचा याच भागातला आणि आयुष्याचा बराच काळ नागपुरात मनोविकारांचे रुग्ण तपासलेला डॉक्टर. पुढे जी माणसे येतील ती कोणी एक नाहीत. अनेक घरांतले धागे एकत्र करून ती उभी केली आहेत. तरीही वाचताना तुम्हाला एखादे घर आठवेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

'पॅरानॉइया' हा शब्द आता आपल्या मुलांच्या तोंडी सहज येतो. आईने जरा जास्त काळजी केली की "किती पॅरानॉइड होतेस!" म्हणून मोकळी होतात. वैद्यकात त्याचा अर्थ याहून नेमका आहे. कोणीतरी आपल्या वाईटावर आहे, पाळत ठेवून आहे, इजा करणार आहे, अशी पुराव्यावाचून बसलेली आणि पुराव्याने न हलणारी खात्री म्हणजे पॅरानॉइया. आपण त्याला मराठीत 'संशय' म्हणतो, पण तो शब्द थोडा अपुरा पडतो. संशयी माणसाला प्रश्न पडलेला असतो. या माणसाला उत्तर सापडलेले असते. अशा पक्क्या, चुकीच्या खात्रीला आपण 'भ्रम' म्हणू, आणि कोणी नसताना ऐकू येणाऱ्या आवाजांना किंवा दिसणाऱ्या गोष्टींना 'भास' म्हणू. दोन्ही बरोबर येतात तेव्हा आजार वेगळा असतो आणि नुसताच भ्रम येतो तेव्हा वेगळा, म्हणून ही फोड करून ठेवलेली बरी.

साध्या संशयात आणि भ्रमात फरक काय, हे सांगायला गोविंद बल्लाळ देवलांइतका चांगला आधार मला दुसरा सापडलेला नाही. 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ साली रंगभूमीवर आले आणि आपल्या आजोबा-पणजोबांपासून सगळ्यांनी ते हसत पाहिले. फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो, कृत्तिका नवऱ्यावर घेते, एक तसबीर घोटाळ्यात भर घालते आणि सगळे घर पेटते. आपण हसू शकतो, कारण खुलासा झाला की फाल्गुनरावाला तो पटतो. चिडका, हलक्या कानाचा, बायकोला छळणारा, सगळे खरे. पण आजारी नाही. आता याच देवलांनी त्याआधी, १८९० साली, शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले होते, त्याकडे या. तिथे संशय बायकोच्या जिवावर उठतो. जोडीदाराच्या निष्ठेविषयीच्या भ्रमाला मनोविकारशास्त्राने ऑथेल्लोचेच नाव दिले आहे. मला विचाराल तर ते नाव चुकीच्या माणसाला चिकटले. ऑथेल्लोला दुसऱ्याने पद्धतशीर फसवले होते. रुमालाचा पुरावा रचून दिला होता. माझ्यासमोर बसणाऱ्या नवऱ्याला फसवणारा इयागो बाहेर कुठेच नसतो. तो खुलासा ऐकून घेतो आणि म्हणतो, "पाहा, किती तयारी करून आली आहे!" निर्दोष असल्याचा पुरावाच त्याला गुन्ह्याचा पुरावा वाटतो. फाल्गुनराव आणि हा माणूस यांच्यातली रेघ इथे आहे.

आता मुख्य गोष्ट. ताप हा रोग नाही, हे आपल्या घरातल्या आजीलाही ठाऊक असते. मलेरियाने ताप येतो, टायफॉइडने येतो, उन्हाने येतो. डॉक्टर नुसता ताप पाहून थांबला तर आपण डॉक्टर बदलतो. संशयाच्या बाबतीत मात्र आपण नेमके तिथेच थांबतो. कोणी म्हणते स्वभावच तसा, कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी म्हणते वेड लागले. तिन्ही नावे देऊन झाली की शोध संपतो. पॅरानॉइया हाही तापासारखा आहे. तो निदान अर्धा डझन वेगवेगळ्या आजारांत येतो, त्यांची कारणे वेगळी, वये वेगळी, औषधे वेगळी, आणि काहींत तर मनोविकाराचे औषध लागतच नाही.

सगळ्यांत जास्त जीव जिथे अडकतो तिथून सुरुवात करू. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. नागपूरला कॉलेजात आहे. सुटीत घरी येतो तो परत जायला तयार नाही. रात्र रात्र जागतो, दिवसा झोपतो, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही. वडील त्याला संत्र्याच्या बगिच्यात राखणीला पाठवतात, मोकळ्या हवेत बरे वाटेल म्हणून. तिथून तो पहाटे धावत घरी येतो : झाडांआड माणसे होती, ती त्याच्याबद्दल बोलत होती. तोड जवळ आलेली असते, संत्री खरोखर चोरीला जातात, म्हणून पहिल्या दिवशी वडील काठी घेऊन पाहायला जातात. चौथ्या दिवशी तो सांगतो की फोनमधून कोणीतरी त्याचे विचार वाचते आहे. घरात तीन मते होतात : अभ्यासाचा ताण, मुलीचे प्रकरण, आणि आजीचे मत, "त्याले बाहेरचं लागलं हाये."

हा बहुधा स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता. ढोबळमानाने शंभरांत एकाला आयुष्यात कधीतरी होणारा. मुलांमध्ये तो विशी-पंचविशीच्या आसपास डोके काढतो, मुलींमध्ये थोडा उशिरा. आत काय घडते ते समजले तर रागाची धार जरा कमी होते. आपला मेंदू दिवसभर निवड करत असतो : ही गोष्ट महत्त्वाची, ही सोडून दे. समोरून गेलेल्या मोटारसायकलचा नंबर, चहावाल्याचा खोकला, दुकानदाराने बदललेली नजर, हे सगळे आपण क्षणात सोडून देतो. या निवडीत डोपामिन नावाच्या रसायनाचा मोठा हात आहे. त्याचे काम बिघडले की काहीच सोडून देता येत नाही. प्रत्येक क्षुल्लक गोष्ट आपल्यासाठीच मांडलेली आहे असे वाटू लागते. विचार करा, आठवडाभर तुम्हाला असे वाटत राहिले तर तुम्ही काय कराल? कारण शोधाल. आणि एके दिवशी 'माझ्यावर पाळत आहे' हे कारण सापडले की सगळे तुकडे जागच्या जागी बसतात. भ्रम हा त्या मुलाच्या दृष्टीने उलगडा असतो. म्हणूनच तो तो सोडत नाही.

भ्रमाचा विषय मात्र काळ पुरवतो. लंडनमधल्या जेम्स टिली मॅथ्यूज नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याची खात्री होती की एक टोळी हवेवर चालणाऱ्या मागासारख्या यंत्राने त्याचे मन ताब्यात घेते. त्याच्या डॉक्टरने ते १८१० साली पुस्तकात छापून ठेवले आहे. तेव्हा कापडाच्या यंत्रांचे दिवस होते. आपल्याकडे पूर्वी करणी आणि भानामती असे, मग रेडिओ-टीव्ही आले, आता सीसीटीव्ही, मोबाइल आणि बँकेचे खाते आहे. वेष्टण बदलते, आतला माल तोच.

दुसरा माणूस पन्नाशीचा आहे. शेती उत्तम, हिशोब चोख, लग्नकार्यात पुढे. फक्त एका विषयावर गाडी रुळावरून उतरते : चुलतभाऊ धुरा सरकवतो आहे. आधी तलाठ्याकडे अर्ज, मग कोर्ट, मग रात्री बॅटरी घेऊन धुऱ्यावर पहारा, मग मोजणी करणारा अधिकारीही सामील, वकीलही सामील. आवाज वगैरे काही ऐकू येत नाहीत. याला भ्रमविकार म्हणतात, आणि तो ओळखायला फार अवघड, कारण बाकी माणूस धडधाकट असतो आणि आपल्या भागात धुरे खरोखरच सरकतात. एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : चुलतभावाने खरेच हातभर जमीन दाबली असेल, तरीही या माणसाला आजार असू शकतो. गोष्ट खरी की खोटी एवढ्यावर निदान ठरत नाही. तो त्या निष्कर्षावर कसा पोचला, आणि त्या निष्कर्षाने त्याचे उरलेले आयुष्य किती खाल्ले, यावर ठरते.

दारूचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत जिवावर बेतते. वर्षानुवर्षे पिणाऱ्या नवऱ्याच्या मनात बायकोविषयी तो झुंझाररावाचा भ्रम हळूहळू बसतो. तो तिचा फोन तपासतो, कपडे तपासतो, कामावर जाताना मागे जातो. अशा घरातल्या बाईला "तोंड मिटून राहा, पिणं उतरलं की शांत होईल" असा सल्ला मी आयुष्यभर ऐकत आलो आणि तो धोक्याचा आहे. या विशिष्ट भ्रमात मारहाणीचा आणि खुनाचा धोका खरा असतो. तिला काही दिवस माहेरी किंवा सुरक्षित जागी हलवणे हा उपचाराचाच भाग आहे. दुसरा प्रकार उलटा. भरपूर पिणारा माणूस अचानक दारू सोडतो, नवस म्हणून किंवा दवाखान्यात भरती झाल्यामुळे. दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, भिंतीवर किडे दिसतात, मारेकरी आत घुसले असे वाटते. ही वेळ त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याची आहे. उपचार झाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. गांजानेही तरुण मुलांत संशय भडकतो, आणि ज्यांच्या घराण्यात स्किझोफ्रेनिया आहे त्यांनी त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

तीव्र नैराश्यातही पॅरानॉइया येतो, पण त्याचा सूर वेगळा असतो. पोलीस आपल्याला न्यायला येणार आहेत असे हा माणूस म्हणतो, आणि त्यात त्याला अन्याय वाटत नाही. आपण त्याच लायकीचे आहोत असे वाटते. उन्मादाच्या अवस्थेत उलट : मी मोठा आहे म्हणून सगळे जळतात. आणि काही माणसे तरुणपणापासून सगळ्यांकडे तिरप्या नजरेने पाहणारी असतात, कोणाला काही सांगत नाहीत, कोणाचे काही विसरत नाहीत. त्यांना भ्रम नसतो. 'स्वभाव' हा शब्द वापरायचा तर इथे वापरावा.

बाळंतिणीचा संशय मात्र कधीही स्वभावावर टाकू नका. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, हजारात एखाददुसऱ्या बाईला, झोप उडून असा आजार होतो की बाळ बदलले आहे, सासू बाळाला काही करणार आहे, असे तिला वाटू लागते. घरचे म्हणतात, माहेरची आठवण येते आहे. ही तातडीची वेळ आहे, आईसाठी आणि बाळासाठीही. आणि वेळेवर उपचार झाले तर ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते.

आता घरातली वडीलधारी मंडळी. मला वाटते, या लेखाच्या वाचकांपैकी सर्वांत जास्त घरांना याच भागाचा उपयोग आहे. पंच्याहत्तरीच्या आजी एके दिवशी मुलाला बाजूला घेऊन सांगतात, "माह्या पाटल्या तिनंच लपवल्या, मले माहीत हाये." ती म्हणजे सून, जी त्यांना रोज सकाळी हाताला धरून बाथरूमला नेते. मुलगा बायकोकडे पाहतो. बायको रडते. नणंदेला फोन जातो. दोन महिन्यांत भाऊ-बहिणीचे बोलणे बंद होते. पाटल्या पुढे तांदळाच्या डब्यात सापडतात, आजींनीच चोरांच्या भीतीने ठेवलेल्या. हा स्मृतिभ्रंश आहे. आठवण पुसली जाते, पण 'माझी वस्तू जागेवर नाही' ही बोचणी शिल्लक राहते. रिकाम्या जागेत मन चोर बसवते. आणि चोर नेहमी जवळचाच असतो, कारण आजूबाजूला दुसरे आहेच कोण? जी सर्वांत जास्त सेवा करते तिच्यावर सर्वांत जास्त आळ येतो, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की सुनेवर आळ आला हे ऐकूनच मी आजींच्या स्मरणशक्तीची तपासणी करतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' पाहिला नसेल तर घरात सगळ्यांनी मिळून पाहा. त्यांचाच २००४ सालचा 'देवराई' वर सांगितलेल्या मुलाच्या आजाराबद्दल आहे.

पण म्हाताऱ्या माणसाचा संशय काल-परवापासून, एकाएकी सुरू झाला असेल, सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाईट असेल, बोलणे असंबद्ध असेल, तर तो स्मृतिभ्रंश समजून घरी बसू नका. जुनी माणसे याला वात किंवा सन्निपात म्हणत आणि त्यांना शरीरात काहीतरी बिघडले आहे हे बरोबर कळत असे. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, रक्तातले सोडियम उतरणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांतले काहीही असू शकते. मूळ आजार बरा झाला की संशय उतरतो. स्टेरॉइड आणि कंपवाताच्या गोळ्यांनीही असे होते, म्हणून डॉक्टरकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. आणि कान तपासा. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या समोर दोन सुना स्वयंपाकघरात हळू बोलून हसल्या, तर त्याला काय वाटेल? अशा एका आजोबांचा निम्मा संशय कानातल्या यंत्राने गेलेला मी पाहिला आहे.

एवढे सगळे सांगितल्यावर करणीबद्दल बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे हा प्रश्न डॉक्टरकडे येण्याआधी तिकडे जातो. करणीवर विश्वास ठेवणे हा मनोविकार नाही. सगळी वाडी जे मानते ते एका माणसाने मानले म्हणून तो आजारी ठरत नाही. पण वाडीतलेच लोक, करणी मानणारेच, जेव्हा म्हणू लागतात की "हा तर फारच झालं, रोज नवीन माणूस सांगतो", तेव्हा त्यांचे ऐका; त्यांना सीमा कळते. आणि आजारी माणसाने ज्या बाईचे नाव घेतले तिचा विचार करा. ती बहुधा विधवा असते, एकटी असते, भाऊबंदकीतल्या जमिनीत तिचा वाटा असतो. मुलाच्या डोक्यातला भ्रम मांत्रिकाच्या तोंडून गावाचा निकाल होतो आणि तिला गाव सोडावे लागते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. तो आपल्यापासून काही मैलांवर, सीमेवर येऊन थांबतो.

सौंसरजवळच्या जामसावळीला काय घडते ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. पिंपळाखाली पहुडलेला मारुती, आणि आवारात आपापल्या माणसाला घेऊन राहिलेली कुटुंबे. मी त्या जागेची चेष्टा करणार नाही. २००२ साली बंगळुरूच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी तामिळनाडूतल्या मुथुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. सरासरी सहा आठवडे राहिल्यावर त्यांची लक्षणे जवळजवळ एक पंचमांशाने उतरली होती, आणि तिथे कोणता विशेष विधीही होत नव्हता. नातेवाईक सोबत, मोकळे आवार, ठरलेली दिनचर्या, कोणी हिणवत नाही; त्याचा उपयोग झाला. हे मी मानतो. पण त्याच तामिळनाडूत, एर्वाडी येथे, ६ ऑगस्ट २००१ ला दर्ग्याच्या परिसरातल्या एका आसऱ्यात आग लागली, आणि २८ माणसे मेली, कारण ती साखळ्यांनी बांधलेली होती. देवाकडे जा, अर्जी लावा. फक्त गोळ्या बंद करून जाऊ नका, आणि माणसाला बांधू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास सरळ बंदी आहे. उपचाराविना गेलेला काळ जितका लांब, तितके बरे होणे अवघड, हे स्किझोफ्रेनियाबाबत अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. जामसावळीला गेलेला आठवडा मला खटकत नाही. पुढची तीन वर्षे खटकतात. निम्हान्सच्याच २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशही होता, आणि अशा तीव्र आजारांच्या चार रुग्णांपैकी जवळपास तिघांना देशात उपचार मिळत नव्हते.

यात भूगोलाचाही दोष आहे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. आपला भाग तेव्हा नागपूरशीच जोडलेला होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सीमा मध्ये आली, आणि कागदोपत्री आपली मोठी मनोरुग्णालये ग्वाल्हेर आणि इंदूरला गेली. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तरी हे अंतर काही कमी झाले नाही. तरीही नागपूर तास-दोन तासांवर आहे, छिंदवाडा आहे, आणि १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, जिथे पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. माणूस यायला तयार नसेल तर आधी घरच्यांनी एकटे जावे. कागदावर एवढे लिहून न्यावे : कधीपासून, एकाएकी की हळूहळू, झोप कशी, आवाज ऐकू येतात का, दारू-गांजा, ताप, सध्याच्या गोळ्या, घराण्यात कोणाला होते का, आणि तो कोणाचे नाव घेऊन धमकी देतो का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, किंवा विषाच्या भीतीने त्याने अन्न सोडले असेल, तर कागद लिहीत बसू नका, त्याच दिवशी न्या. आणि कुऱ्हाड-कोयता नजरेआड करा.

एक गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक घर करते आणि माझ्यापासून लपवते : गोळी कुटून चहात घालणे. ज्या माणसाचा भ्रमच असा आहे की घरचे आपल्या चहात काहीतरी टाकतात, त्याच्या चहात आपण खरोखर काहीतरी टाकतो. सहा महिन्यांनी त्याला तळाशी पांढरा गाळ दिसतो. त्या दिवशी तो भ्रम राहत नाही. तो पुरावा होतो, आणि पुढे कोणावरही विश्वास ठेवायचे त्याला कारण उरत नाही. मी घरच्यांना दोष देत नाही. ती माणसे थकलेली असतात, रात्र रात्र जागलेली असतात, आणि गोळीने तो शांत झोपतो. पण हे डॉक्टरला सांगा. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत, तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, आणि कधी कधी "झोपेसाठी घे" हे खरे कारण सांगून तो स्वतःहून गोळी घेतो, कारण झोप नाही हे त्यालाही पटलेले असते. औषधाचा पहिला परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि सहाव्या महिन्यात "आता बरा झाला" म्हणूनही सोडू नका.

बोलायचे कसे? वाद घालू नका, आणि हो ला होही म्हणू नका. "छपरावर कोणी नाही, चल दाखवतो" म्हणून शिडी लावणारे वडील मी पाहिले आहेत, मुलगा म्हणाला, "तुम्ही येताय हे कळल्यावर उतरले." "हो रे, आपण पोलिसांत जाऊ" म्हणणारी आईही पाहिली, तिने त्याच्या भ्रमाला घरातला पहिला साक्षीदार दिला. भ्रमाला उत्तर देऊ नका, भीतीला द्या : "मला तो आवाज ऐकू येत नाही. पण तुला फार भीती वाटते आहे, ते दिसतंय. मी इथेच बसतो." त्याच्यासमोर कुजबुजू नका, फोन घेऊन बाहेर जाऊ नका, त्याच्याबद्दल त्याच्यासमोर तिसऱ्याला सांगू नका.

आणि आजींच्या पाटल्या. तशीच एक हलक्या सोन्याची जोडी करून ठेवा, खऱ्या बँकेत ठेवा. हरवल्या म्हणाल्या की "चला, दोघी मिळून शोधू" असे सुनेनेच म्हणावे, आणि तांदळाच्या डब्याजवळ जाऊन आजींनाच आधी हात घालू द्यावा. सापडल्या की "सापडल्या, बरं झालं" एवढेच म्हणा. कोणी ठेवल्या होत्या ते विचारू नका.